आई-बाबांना घरबसल्या काम

४ सप्टेंबर, गुरुवार. सकाळ (११.२०)
आमचे गणपती मंगळवारी गेले, मुंबईची माणसं काल गेली. घर एकदाचं शांत झालं. आजपासून रोजनिशी. संकल्प दोनच. पहिला, रोज सकाळी सहाला उठणे. दुसरा, आई-बाबांना स्वतःच्या पायावर उभं करणे. पहिला उद्यापासून.

जाताना चुलतकाकाने सगळ्यांसमोर विचारलं, विशू, सध्या काय करतंस? मी म्हटलं, रिसर्च. तो हसला. चाळिशीतल्या माणसाला असं चारचौघांत विचारू नये, एवढीही रीत हे लोक मुंबईत राहून विसरतात. पण रिसर्च खरोखर चालू आहे. मोबाइलवर एक लेख मिळालाय: पालकांसाठी घरबसल्या कमाईचे खात्रीचे आणि कायदेशीर मार्ग. लेख लहान मुलं असलेल्यांसाठी आहे. मूल सांभाळून वेळ कसा काढावा, वगैरे. आमच्या घरात लहान मूल नाही. म्हणजे आई-बाबांना वेळच वेळ.

बाबा तहसील कचेरीतून रिटायर झाले त्याला बरीच वर्षं झाली. पेन्शन येते. दर महिन्याला आयते पैसे हातात पडले की माणसाची उमेद मरते. हे मी फार जवळून बघितलंय.

६ सप्टेंबर, शनिवार
लेखातले मार्ग तपासले. पेन पॅकिंग, जपमाळा ओवणे, कॅप्चा टाइप करणे. तिन्ही फसवे. मी गेल्या वर्षी तिन्हींत स्वतः फसलेलो असल्यामुळे हे खात्रीने लिहू शकतो.

सहाला उठायचं सोमवारपासून. शनिवारी सुरू केलेलं काही टिकत नाही.

८ सप्टेंबर, सोमवार
सापडला मार्ग! शाळेतल्या अजयचा वेंगुर्ल्याला काजूचा छोटा कारखाना आहे. तो बायकांना काजूगर घरी देतो. गरावरची तांबडी साल सोलायची, अख्खे गर एकीकडे, तुकडे एकीकडे, आणि माल परत. डिपॉझिट नाही, फसवाफसवी नाही, घर सोडायला नको. अजयने विचारलं, तू सोलतलंस? मी म्हटलं, मी मॅनेजमेंट बघणार.

आईला सांगितलं. ती म्हणाली, माका खंय एवढा बारीक दिसता रे? तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. कुडाळच्या डॉक्टरने पहिल्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख दिलीय, १८ सप्टेंबर. मी समजावलं की साल काढणं हे बोटांचं काम, डोळ्यांचं नव्हे. ती बरं म्हणाली. आई माझा शब्द कधी मोडत नाही.

बाबांनी विचारलं, आणि तू काय करतलंस? या एका प्रश्नाने या घराचं आजवर किती नुकसान केलंय.

११ सप्टेंबर, गुरुवार
माल आला. उद्घाटन म्हणून मी स्वतः सोलायला बसलो. दहा-बारा गर सोलले. अंगठ्याचं नख दुखायला लागलं. हे काम प्रत्येकाच्या बोटांना जमणारं नाही. आईची बोटं मुळातच निबर आहेत.

दुपारी ती पडवीत सुपात सालं पाखडत बसली. माझ्या खोलीला लागूनच पडवी. दुपारी मी डोळे मिटून पुढचे प्लॅन आखतो, त्यात व्यत्यय येत होता. तिला मागीलदारी बसवलं. तिथे उजेड कमी आहे, पण वारा छान.

१५ सप्टेंबर, सोमवार
अजयने अर्धा माल परत पाठवला. गरांवर साल तशीच. आईला सौम्य शब्दांत समज दिली. सौम्य म्हणजे बाबा बाहेरच्या खळ्यातून आत धावत आले, एवढंच. आई म्हणाली, मी हातान चाचपून चाचपून बघलंय रे. मी म्हटलं, चाचपून क्वालिटी येत नसते. मग ती सगळं पुन्हा सोलायला बसली. चूक दाखवली की सुधारते, हा तिचा मोठा गुण.

१७ सप्टेंबर, बुधवार
अजयकडे दसऱ्याची ऑर्डर आहे. आणि आईची तारीख नेमकी उद्या! हॉस्पिटलला फोन केला. कामाच्या कमिटमेंटमुळे जमत नाही म्हणून सांगितलं. तिथल्या बाईने विचारलं, पेशंट एवढं काय काम करतात? मी म्हटलं, प्रॉडक्शन सांभाळतात. आता १६ ऑक्टोबर.

बाबा म्हणाले, तू नको येव, आम्ही दोघां जातो. पण आई अडून बसली. विशू बरोबर आसलो तरच मी जातलंय, नायतर नाय. टेबलावर झोपवतील तेव्हा बाहेर मी उभा हवा, असं तिचं म्हणणं. डोळ्यात पाणी आलं माझ्या. एवढा विश्वास किती कर्मचाऱ्यांचा असतो आपल्या साहेबावर?

१९ सप्टेंबर, शुक्रवार
बांगड्याचं तिखलं आज तुरट. पहिल्या घासाला थुंकलो. शोध घेतला तर आईने सोलांऐवजी, म्हणजे कोकमांऐवजी, काजूची सालं टाकलेली! दोन्ही सुकी, दोन्ही तांबडी-काळी, हे मान्य. पण मी काही फक्त माझ्यासाठी बोलत नाही. कामाची जागा आणि स्वयंपाकघर यांत शिस्त पाहिजे. आई फार ओशाळली. मला दोन अंडी तळून दिली. बाबा तेच तिखलं भाताशी कालवून मुकाट्याने जेवले. मला टोमणा मारायचा म्हणून माणूस काय काय खाईल.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा
आज मोठी गोष्ट घडली. सोनं लुटायला रवळनाथाच्या देवळात गेलो होतो. गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराकडे आहे. देवासमोर उभं राहून बाबा गावाच्या वतीने मोठ्याने मागणं मांडतात. कोणाचं लग्न, कोणाची नोकरी, कोणाचं दुखणं. आणि प्रत्येक वाक्याला अख्खा गाव एका आवाजात व्हय म्हाराजा म्हणतो. पाळण्यात असल्यापासून ऐकतोय. नुसतं म्हाराजा कानावर पडलं की तोंडातून व्हय निघतंच.

आज बाबांचा आवाज ऐकताना डोक्यात वीज चमकली. आम्ही सोन्याच्या खाणीवर बसून काजू सोलतोय! मुंबईत आमच्या गावची शेकडो माणसं आहेत. प्रत्येकाला देवाकडे काहीतरी मागायचंय. येता येत नाही. बाबांनी घरात खुर्चीवर बसून गाऱ्हाणं घालायचं, मी ते मोबाइलवर पाठवायचं. भांडवल शून्य. एकदम कायदेशीर, कारण देवाविरुद्ध कोण तक्रार करणार?

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, गाऱ्हाणा म्हणजे काय सुंगटांचो वाटो नाय. आणि उठून गेले. कोळंबीचा दर आज काय आहे हे त्यांना ठाऊक तरी आहे का?

७ ऑक्टोबर, मंगळवार
नकार म्हणजे शेवटचा शब्द नसतो. बाबा रोज संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लावून बारीकसं गाऱ्हाणं घालतात. मी मोबाइल वृंदावनामागे ठेवला. आवाज सुंदर आला. तिघा मुंबईकरांना पाठवला आणि मानधन घेतलं. तिघांनाही तेच गाऱ्हाणं. देव काय, वेगवेगळं ऐकतो थोडाच.

पाठवायच्या गडबडीत नीट ऐकायला सवड झाली नाही. पण बाबा नेहमीचंच म्हणतात.

९ ऑक्टोबर, गुरुवार
तिघांपैकी एकाने पैसे परत मागितले. त्याला मुलाच्या ॲडमिशनसाठी गाऱ्हाणं हवं होतं. त्याचं म्हणणं, यात तुझे बाबा सारखे सारखे फक्त सुगंधाच्या डोळ्यांसाठी मागतायत, सुगंधा कोण?

सुगंधा म्हणजे आई.

कस्टमरला नको ती माहिती गेली. पुढच्या वेळी आधी ऐकून एडिट करायचं. त्या माणसाने वर बाबांनाही फोन केला. बाबा माझ्याशी बोलायचे बंद झाले. जेवताना मीठ हवं असलं तर आईकडून मागवतात. वैयक्तिक आणि व्यावसायिक यांत गल्लत करायची त्यांची जुनी खोड.

१२ ऑक्टोबर, रविवार
आई मागीलदारच्या पायरीवरून पडली. सोललेल्या गरांचं ताट हातात होतं. सगळे गर चिखलात. निदान अख्खे तरी वाचतील म्हणून मी धावत गेलो आणि भराभर वेचले. वेचून झाल्यावर बघतो तर आई अजून तशीच बसलेली, गुडघा धरून. तिने विचारलं, गेले काय रे सगळे? मी म्हटलं, बरेच वाचले. तिला बरं वाटलं. बाबा तिला उचलायला आले तेव्हा माझ्याकडे असं बघत होते की बस. मी चिखलात हात घालून माल वाचवत होतो, ते कोणाला दिसलं नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार
अजयची दिवाळीची गिफ्ट पॅकेट्स. उद्याची तारीख पुढे ढकलली. आता २७ नोव्हेंबर. हॉस्पिटलची बाई या वेळी जरा उर्मटपणे बोलली. म्हणाली, तुम्ही कोण त्यांचे? मुलगा म्हटलं तर फोनच ठेवून दिला.

बांद्याहून दीपिकाचा फोन. माझी धाकटी बहीण, तिथल्या शाळेत शिकवते. अर्धा तास आरडाओरडा. आईक माझ्याकडे धाडून दी, मी करतंय तिचा ऑपरेशन. मी शांतपणे म्हटलं, आईला विचार. आईने तिला सांगितलं, विशूचा दिवाळीचा काम होवंदे गो, बिचारो एकटो धडपडता. जळते दीपिका. लहानपणापासून.

२८ ऑक्टोबर, मंगळवार
काल अजय स्वतः आला. माल घ्यायला आला असेल म्हणून मी पुढे झालो, तर तो सरळ मागीलदारी गेला. आई काजू डोळ्याला जवळजवळ चिकटवून सोलत होती. ते बघून तो मला म्हणाला की यापुढे तुका माल नाय. काकूचा ऑपरेशन झाल्यार बघूया. लोकांचं हे असंच. आपण मोठे व्हायला लागलो की घाबरतात. अर्धं पोतं राहिलंय ते न्यायलाही विसरला.

सहाला उठणे: थंडी सुरू झाल्यावर.

५ नोव्हेंबर, बुधवार
काजू हा माझा मार्ग नव्हताच. ध्येय गाऱ्हाणं. २६ला आमच्या गावची जत्रा. पालखी, दशावतार, आणि त्याआधी देवळासमोर बाबांचं वर्षातलं सगळ्यात मोठं गाऱ्हाणं. ते लाइव्ह दाखवायचं. मुंबई, पुणे, एक गाववाला दुबईला आहे. आधी पैसे भरतील त्यांनाच लिंक. स्टँड मागवला, गोल दिवा मागवला, शर्टाला लावायचा माइक मागवला. बाबांच्या कार्डावर. गुंतवणूक ही घरातल्या सगळ्यांची असते.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
चमत्कार. महिन्याभराने बाबा माझ्याशी बोलले! स्वतःहून खोलीत आले. मी पडलेलो होतो, पण जागाच होतो. त्यांनी विचारलं, तां जत्रेचा मोबाइलवर दाखवतलंस, तां किती लोक बघतले? मी आकडा जरा वाढवून सांगितला. मुंबयतले सगळे बघतले? म्हटलं, सगळे. चुलतकाका? तोसुद्धा. बाबा म्हणाले, बरा तर, लाव मोबाइल.

शेवटी मुलाची किंमत कळली. उशिरा का होईना. फक्त माइक शर्टाला लावायला नाही म्हणाले. माझा आवाज देवाक ऐकाक जाता, लोकांकाय जायत. ठीक आहे. कॅमेऱ्याचाच माइक वापरू.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
देवदिवाळी. सतरा जणांनी पैसे भरले. बाकीच्यांना फुकट लिंक दिली, जाहिरात म्हणून. ऑपरेशन २७ला, जत्रेच्या दुसऱ्याच दिवशी. तेव्हा मला कस्टमरचे फोन घ्यावे लागतील. हॉस्पिटलला सांगून जानेवारीतली तारीख घेऊ. आईला आज सांगितलं. ती चहा ओतत होती. कप भरला, बशी भरली, तरी ओततच राहिली. माझ्या पँटवर सांडला.

२६ नोव्हेंबर, बुधवार. संध्याकाळ, देवळाच्या आवारातून
लाइव्ह संपलं. तांत्रिक बाजू उत्तम. चित्र स्पष्ट, आवाज दणदणीत. मी स्टँडला चिकटून पहिल्या रांगेत. गाव खच्चून भरलेला. आई समोर बायकांत बसलेली, फ्रेममध्ये बरोबर दिसत होती.

बाबांनी नेहमीसारखी सुरुवात केली. बा देवा रवळनाथा म्हाराजा, आज जी काय तुझी जत्रा लेकरांनी केली हा, ती गोड मानून घे रे म्हाराजा. व्हय म्हाराजा! जी लेकरा पोटापाण्यासाठी मुंबैक आसत, तेंका सुखी ठेव रे म्हाराजा. व्हय म्हाराजा! इथे मुंबईकडून स्क्रीनवर धडाधड लाल बदाम यायला लागले. मला भरून आलं.

मग नेहमीच्यात नसलेलं सुरू झालं. झिलाचं, म्हणजे मुलाचं. जसंच्या तसं लिहून ठेवतो.

माझ्या घरात एक झील आसा म्हाराजा. तेका तू हात दिलंस, पाय दिलंस, शिक्षण दिलंस. व्हय म्हाराजा! तो म्हाताऱ्या आवशीक कामाक लावता आणि आपण निजान ऱ्हवता. व्हय म्हाराजा! तिच्या डोळ्यार पडदो इलो, डॉक्टरची तारीख तेना दोन खेपे मोडल्यान, आता तिसऱ्यांदा मोडूक बघता. व्हय म्हाराजा! उद्या मी तिका घेवन जातंय. तिका दिसांदे रे म्हाराजा. व्हय म्हाराजा! आणि ह्येका स्वतःचा पोट स्वतः भरूची बुद्धी दी. नायतर ह्येका माझ्या घरातसून भायर काढूची ताकद माका दी रे म्हाराजा!

व्हय म्हाराजा! देवळाचे पत्रे हलले असतील.

लगेच लाइव्ह बंद करता आलं असतं. पण सतरा जणांनी पैसे भरलेत. कमिटमेंट म्हणजे कमिटमेंट.

२७ नोव्हेंबर, गुरुवार. दुपार
घरात कोणी नाही. सकाळी रिक्षाचा आवाज आला तेव्हा झोपेत होतो. गावातल्या धोंडूची रिक्षा. दोघं कुडाळला गेली, दीपिका बांद्याहून परस्पर हॉस्पिटलला. आई मी नसताना गेली. मी बरोबर असलो तरच जाईन म्हणणारी आई. गॅसवर पेज झाकून ठेवलेली, बाजूला कैरीचं लोणचं.

सतरापैकी एकानेही पैसे परत मागितलेले नाहीत. उलट पुढच्या वर्षाचं बुकिंग करायचंय म्हणतायत. चुलतकाकाने लिहिलंय, पैसे वसूल.

रेकॉर्डिंग एडिट करायला बसलो. तेवढा भाग कापून बाकीचं विकता येईल असं वाटलं. पण एक आवाज फार त्रास देतो. माइकच्या अगदी जवळ कोणीतरी उभा आहे आणि प्रत्येक व्हय म्हाराजा सगळ्यांच्या आधी, सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडतोय. आवशीक कामाक लावता, व्हय म्हाराजा! निजान ऱ्हवता, व्हय म्हाराजा! घरातसून भायर, व्हय म्हाराजा! म्हटलं, कोण हा नालायक ते बघू. तीन वेळा ऐकलं.

मी आहे.

सवयीने निघालं. सवय म्हणजे सवय. त्याचा काही अर्थ काढायचा नसतो.

मग चित्र मोठं करून आईला बघितलं. शेवटच्या वाक्याला सगळ्या बायकांची तोंडं हलतात. शेजारची शेवंती मावशी तर हात वर करून ओरडते. फक्त आईचे ओठ मिटलेले. अख्ख्या गावाने म्हटलं, मी म्हटलं, आईने नाही म्हटलं.

म्हणजे माझ्या बाजूने एक माणूस आहे. आणि घरात तिच्याशिवाय पान हलत नाही. काळजीचं कारण नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपार (१.१५)
नुकताच उठलो होतो. रिक्षा खळ्यात आली. आई स्वतःच्या पायांनी उतरली, कोणाचा हात न धरता. डोळ्याची पट्टी सकाळीच काढलेली, वर काळा चष्मा. चालत घरात आली आणि दारातच थांबली. चष्मा कपाळावर सरकवला. डॉक्टरने नको सांगितलंय, बाबा ओरडले, तरी.

आधी तिने मागीलदारचं अर्धं पोतं बघितलं. ताटं बघितली. माझ्या खोलीचं दार उघडं होतं, अंथरूण तसंच होतं, ते बघितलं. मग मला. वरपासून खालपर्यंत, सावकाश. मी हसलो. किती महिन्यांनी आईने मला नीट बघितलं असेल.

ती म्हणाली, विशू, तू एवढो म्हातारो कदी झालंस रे? तुझे केस पिकले.

मी म्हटलं, टेन्शन असतं गं, बिझनेसचं.

ती अजून थोडा वेळ बघत राहिली. माझ्या मनात आलं, आता जवळ येऊन डोक्यावरून हात फिरवेल. तिने चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला, बाबांकडे वळली, आणि दोनच शब्द म्हणाली. अगदी हळू, पण घरात आम्ही तिघंच, त्यामुळे नीट ऐकू आलं.

व्हय म्हाराजा.

बाबा कपाटावरची माझी जुनी बॅग काढून धूळ झटकायला लागले. आई आत गेली.

जेवायला काय आहे ते विचारायचं राहून गेलं.